खांबावर चढलेली मातीची शीर

ढाळजेतल्या सागवानी खांबावर एक दिवस पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ दिसते. काल होती का, परवा होती का, घरातल्या कुणालाच आठवत नाही. नखाने टोकरलं की खपली निघते आणि आतल्या पोकळीत तांदळाच्या कणीएवढे मऊ, पांढुरके जीव सैरावैरा धावताना दिसतात. मग घरात सल्ले सुरू होतात. आजी म्हणते रॉकेल ओता. मुलगा पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावतो. पुण्याहून आलेला काका म्हणतो, किती दिवस हे जुनं सांभाळणार, पाडा आणि स्लॅब टाका.

माझी विनंती एवढीच असते की ती रेघ लगेच पुसू नका. निदान एक दिवस तिच्याकडे नीट बघा. काय करायचं याचं निम्मं उत्तर त्या रेघेत लिहिलेलं असतं.

वाळवीची कातडी फार पातळ. लातूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत उघड्यावर आली तर ती काही तासांत वाळून मरते. म्हणून ती उघड्यावर येतच नाही. जमिनीखालची ओलसर हवाच ती सोबत घेऊन चालते. मातीचा कण न् कण तोंडात धरून, लाळ आणि विष्ठा लावून चिकटवत, ती आपल्या डोक्यावर छत बांधत पुढे सरकते. हे काम करणाऱ्या कामकरी वाळव्या बहुतेक जातींत आंधळ्या असतात. त्यांत नरही असतात आणि माद्याही. मुंग्यांमध्ये किंवा मधमाश्यांमध्ये कामकरी फक्त माद्याच असतात. धोका जाणवला की शिपाई वाळव्या डोकं आपटून इशारा देतात. लाकडाला कान लावला तर कधीकधी ती बारीक टकटक ऐकूही येते.

मुंगीशी वाळवीचं नातंही नाही. तिला ‘पांढरी मुंगी’ म्हणतात खरं, पण २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून ठामपणे पुढे आलं की वाळवी ही झुरळाच्या कुळातली आहे, घर-संसार करून समाजाने राहायला शिकलेलं झुरळ. मुंगीच्या वारुळात नर मीलनानंतर मरतो. वाळवीच्या वारुळात मात्र राणीशेजारी राजा वर्षानुवर्षं जिवंत असतो.

मराठवाड्याच्या शेतांत आणि गावांत सर्रास आढळणारी वाळवी म्हणजे ओडोंटोटर्मिस. नागपंचमीला आपल्याकडच्या बाया ज्या वारुळाला पूजतात, ते बहुतेक वेळा हिनेच बांधलेलं असतं. नाग मागाहून भाडेकरू म्हणून येतो. ही वाळवी शेतकरी आहे. लाकूड, काडीकचरा, वाळलेलं पान खाऊन ती जमिनीखालच्या दालनांत त्याचे स्पंजासारखे वाफे रचते आणि त्यांवर एक विशिष्ट बुरशी पिकवते. लाकडातला जो भाग तिला एकटीला पचत नाही, तो ही बुरशी पचवून देते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी म्हणजे याच शेताला आलेला बहर. माणसाला शेती करू लागून दहाएक हजार वर्षं झाली. वाळवीची ही शेती सुमारे तीन कोटी वर्षं जुनी आहे. किनवट-माहूरच्या जंगलातून बैलगाडीने आलेला, पणजोबांनी वाड्याला लावलेला लाकूडफाटा कण-कण करून शेजारच्या पडक्या जागेखाली कुठेतरी बुरशीचं खत होतो आहे, हे डोळ्यांपुढे आणलं की राग थोडा वेळ बाजूला राहतो.

या वारुळाच्या श्वासाचाही अभ्यास झाला आहे. दक्षिण भारतातल्या याच वाळवीच्या वारुळांमध्ये शास्त्रज्ञांनी हवेचा प्रवाह मोजला आणि २०१५ साली निष्कर्ष मांडला. दिवसा वारुळाच्या बाहेरच्या कडा तापतात, आतला गाभा थंड राहतो. रात्री उलट होतं. या फरकावर आतली हवा दिवसातून दोनदा दिशा बदलून फिरते आणि कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पंखा नाही, वीज नाही.

हे सगळं उभं असतं पाण्यावर. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त भूगर्भातलं पाणी शोधण्यावर एक आख्खा अध्याय लिहिला, आणि त्यात पाण्याची खूण म्हणून वारूळ पुन्हा पुन्हा येतं. जांभळाच्या झाडाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल, तर दक्षिण बाजूला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी लागेल, असं तो सांगतो. त्याचा प्रत्येक ठोकताळा खरा ठरेलच असं नाही, पण वाळवी ओलीच्या आधाराने राहते हे त्याचं निरीक्षण पक्कं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरातही वाळवी मरून गेली नव्हती. तिला तिची ओल सापडलेली होती.

तुमच्या घरातही तिला ती सापडली आहे. कुठे, ते शोधायचं. पण त्याआधी आणखी एक गोष्ट बघायची: ज्या खांबावर ती चढली आहे, त्याच्या डोक्यावर काय आहे?

आपल्याकडच्या जुन्या घराचं माप खणांत सांगतात. चार खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे माळवद. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला दरवर्षी वर नवी माती पडते. जुनी कुणी काढत नाही. दहा फूट लांब-रुंद खोलीवर दोन फूट माती असेल तर तो भार नऊ टनांच्या आसपास जातो. भरलेल्या ट्रकाएवढा.

३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाची रात्र सरत होती, पहाटेचे चार वाजायला आले होते. भूकंपात किल्लारी आणि परिसरातली घरं याच मातीखाली गेली आणि सुमारे आठ हजार माणसं दगावली. त्यानंतर पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी एक गोष्ट नोंदवली. तुळया थेट दगडमातीच्या भिंतींवर टेकवलेल्या होत्या तिथे भिंतीबरोबर छतही खाली आलं. पण जिथे खणांचा लाकडी सांगाडा धड होता, अशा काही घरांच्या भिंती बाहेर ढासळल्या तरी खांबांनी माळवद डोक्यावर धरून ठेवलं आणि आतली माणसं वाचली.

म्हणून खिडकीच्या चौकटीवरची वाळवी आणि खणाच्या खांबावरची वाळवी, या दोन वेगळ्या बाबी आहेत. चौकट सावकाश बदलता येते. खांबाच्या बाबतीत औषधाच्या आधी सुतार किंवा गवंडी हवा, शक्य असेल तर बांधकामाचा अभियंता.

खांब तपासायला महागडं यंत्र लागत नाही. पोती शिवायचं दाभण घ्या. खांब तळापासून वरपर्यंत हातोडीने हलकेच ठोकत जा. धड लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं बद्द. बद्द आवाज आला तिथे दाभण टोचा. चांगल्या सागाच्या गाभ्यात ते शिरणार नाही, कारण त्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्यं झाडानेच भरून ठेवलेली असतात. बाहेरच्या पांढऱ्या भागात मात्र ती नसतात, आणि काटकसरीने मधे घातलेल्या आंब्याच्या फळ्यांतही नसतात. पुष्कळदा वाळवीने वरचा पांढरा भाग खाल्लेला असतो आणि आतला गाभा जसाच्या तसा असतो. असा खांब टाकून देणं हे नुकसान आहे. दाभण मुठीपर्यंत गेलं तर मात्र त्या खणाखाली झोपणं त्याच रात्री बंद करा आणि तुळईला टेकू द्या.

आणखी एक घोटाळा इथेच सोडवून घ्यायचा. लाकडातून पिठासारखा कोरडा भुसा पडत असेल आणि बारीक गोल भोकं दिसत असतील, तर तो भुंगेऱ्याचा प्रताप आहे. जमिनीतून येणारी वाळवी भुसा सांडत नाही. पोकळीत माती भरते. भुंगेरा लाकडातच जन्मतो आणि तिथेच वाढतो, त्याच्यासाठी जमिनीत औषध ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

आता ओल. जुन्या सुताराने खांब कधीच जमिनीवर उभा केला नाही. खाली दगडी तळखडा ठेवला, त्यावर खांब. जमिनीची ओल दगडापाशी थांबायची आणि वाळवीला चढायचंच झालं तर दगडावरून उजेडात चढावं लागायचं, म्हणजे लगेच दिसायची. मग घराला नवी फरशी बसली. शहाबादीवर काँक्रीट, त्यावर टाइल्स. जमीन सहा-आठ इंच वर आली आणि तळखडा पुरला गेला. आता खांबाचा पाय भरावातल्या मातीत आहे आणि वाळवी कुणाच्याही नजरेस न पडता लाकडात शिरते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, तिथेही तेच घडलं. पूर्वी भिंत श्वास टाकायची, आता ओल आतच कोंडते. भिंतीला टेकून नवं न्हाणीघर आलं, खिडकीत कूलर आला, त्याचं पाणी उन्हाळाभर जोत्यावर ठिबकतं. बाहेर मैलोन् मैल जमीन तडकलेली असताना या घराखाली तेवढी एक ओलसर जागा. नांदेडच्या जुन्या वस्तीत गोदावरी जवळ आहे, तिथे एवढंही लागत नाही.

तळखडा मोकळा करणं, कूलर हलवणं, गळकी नळी बदलणं, जोत्याचा सिमेंट गिलावा खरवडून चुन्याचा करणं, माळवदावरची जादा माती उतरवणं: ही कामं कुठल्याही औषधाच्या बाटलीवर लिहिलेली नसतात. माझ्या मते निम्मा उपचार हाच आहे. खांबाचा फक्त पाय गेला असेल तर टेकू देऊन तेवढा भाग कापतात, धड लाकडाचा जोड देतात किंवा खालचा दगड उंच करतात. जुन्या सुतारांना हे सांधे येतात. असा माणूस गावात असेल तर त्याला आधी गाठा.

औषध लागतं का? बहुतेक वेळा लागतं. एके काळी आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर सर्रास ओतत. ही विषं मातीत दशकानुदशकं टिकतात आणि प्राण्यांच्या चरबीत साठत जातात, म्हणून २००१ च्या स्टॉकहोम करारात ती हद्दपारीच्या यादीत गेली. आज इमिडाक्लोप्रिड, बायफेन्थ्रिन यांसारखी औषधं वापरतात. बांधून झालेल्या इमारतींसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा तिसरा भाग. त्यात भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर साधारण फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून खालच्या मातीत औषध सोडायला सांगितलं आहे. कंत्राटदाराला हे मानक आणि औषधाचं प्रमाण विचारा. उत्तर न देता नुसता फवारा मारून जाणाऱ्याला पैसे देऊ नका.

बायफेन्थ्रिनचा वास लागला की वाळवी मागे फिरते. ती भिंत आहे. इमिडाक्लोप्रिड तिला जाणवतच नाही. ती त्यातून चालत जाते, वारुळात परतते, आणि तिथे वाळव्या एकमेकींना चाटून साफ करतात, एकमेकींना तोंडाने घास भरवतात. ज्या मायेवर लाखोंची वस्ती टिकून असते, तिच्याच वाटेने विष घरोघर पोचतं. मला हे वाचताना दर वेळी गलबलतं, पण खांब वाचवायचा तर हेच औषध अधिक उपयोगी पडतं, कारण जुन्या घराभोवती भिंत सलग राहणं कठीण आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि औषधाचा थर तुटतो. दोन-तीन फूट जाडीच्या भिंतीच्या पोटात दगडमातीचा भराव असतो, तिथे औषध सगळीकडे पोचत नाही. म्हणून एकदा करून विसरून जाण्याचं हे काम नाही.

आणि चौकात आड असेल तर थांबा. वापरातला असो वा बुजत आलेला, त्याच्या आसपासच्या जमिनीत औषध सोडू नका. मानकातही पिण्याच्या पाण्याच्या विहिरी जपायला सांगितलं आहे. अशा बाजूला लाकडावरच काम करायचं. कोरड्या लाकडात बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण चांगलं मुरतं, फक्त गळतं छत आधी दुरुस्त हवं, नाहीतर ते धुऊन जातं. पूर्वी बिब्ब्याचं तेल लावत. ते कामाचं आहे, पण बिबा उततो. अंगावर फोड येतात. लावायचंच तर माहीतगाराकडून लावा, पोरांना लांब ठेवून.

शेजारच्या पडक्या वाड्यातलं वारूळ खणून राणी मारली की सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. तुमच्या खांबापर्यंत आलेली वाट कोणत्या वारुळाची आहे हे बाहेरून कळत नाही, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर दिव्याभोवती घिरट्या घालून पंख गाळणारी जोडपी दरवर्षी नव्या जागा शोधतच असतात. घराच्या आतूनच असे पंखवाले जीव निघाले, तर वस्ती जवळ आहे आणि वयाने मोठी आहे. त्यांचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि कंबर बारीक नसते. उडत्या मुंगीपासून ओळख पटवायला एवढं पुरे.

काम झाल्यावर खांबावरची सगळी रेघ पुसू नका. मधला दोन बोटांचा तुकडा तेवढा काढा आणि शेजारी खडूने तारीख लिहा. जिवंत वस्ती असली तर वाळवी ती फट रातोरात बुजवते; सकाळी नवी माती ओली, गडद दिसते. आठ दिवस, मग महिनाभर, मग पुढच्या मृगात, येता-जाता नजर टाका. फट उघडीच राहिली आणि कडांची माती वाळून फिकी पडत गेली, तर खांबाच्या पायथ्याशी बसून उरलेली रेघ हलक्या हाताने खरवडून काढा.