त्रास नाही, म्हणून शुगर नाही?

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. डब्यातल्या वीस वर्षांवरच्या प्रवाशांना देशाची शहरी सरासरी लावली, तर साधारण दर सहा जणांत एकाला मधुमेह निघेल. ही सरासरी आयसीएमआर-इंडियाब या पाहणीची. देशभरातल्या एक लाख तेरा हजारांवर माणसांना तपासून तिचे निष्कर्ष जून 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात 10.1 कोटी मधुमेही, आणखी 13.6 कोटी उंबरठ्यावर. शहरांत प्रमाण 16.4 टक्के, खेड्यांत 8.9.

आता डब्यात कुणालाही विचारा, ‘शुगर तपासली का कधी?’ उत्तर ठरलेलं. ‘मला काही त्रासच नाही हो.’ मधुमेहाबद्दलचे बाकीचे गैरसमज मला या एका वाक्याची पिलावळ वाटतात.

त्रास होत नाही हे खरंच आहे. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते. मग लघवीला सारखं जावं लागतं, घसा कोरडा पडतो, वजन उतरतं. पण उपाशीपोटी 126 आली तरी तो मधुमेहच. 130-150 च्या पट्ट्यात माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत असल्यासारखा हिंडतो. तेवढ्या काळात डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा यांचं नुकसान सुरू झालेलं असतं. म्हणून तर अनेकांना मधुमेह कळतो तोच चष्म्याचा नंबर काढायला गेल्यावर किंवा ऑपरेशनच्या आधीच्या रक्ततपासणीत. हृदयविकाराचा झटकासुद्धा मधुमेह्याला छातीत न दुखता येऊ शकतो. नुसता घाम, धाप, मळमळ. ‘अ‍ॅसिडिटी झाली असेल’ म्हणून घरी सोडा पिऊन बसण्याची वेळ ती नव्हे.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची शुगर आणि रक्तदाब तपासावा, असा सरकारचाच कार्यक्रम आहे आणि आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. उल्हासनगर तीन नंबरमधलं मध्यवर्ती रुग्णालय राज्य सरकारचं आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. तेव्हा पैशांपेक्षा सकाळी उपाशीपोटी रांगेत उभं राहायला लागणारी रजा हीच खरी अडचण. हातावर पोट असलेल्यासाठी ती लहान नाही, हे मान्य.

तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, म्हणून ती सोयीची. 6.5 किंवा वर म्हणजे मधुमेह, 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठा. मात्र आपल्या भागात एक मेख आहे. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने जास्त आढळतात आणि विठ्ठलवाडीला खेटून सिंधी वस्तीचं उल्हासनगर आहे. रक्तातलं हिमोग्लोबिनच वेगळं असेल, किंवा लोह कमी पडून पंडुरोग झाला असेल, तर हा आकडा फसवू शकतो. घरच्या मशीनवरचे आकडे आणि एचबीएवनसी यांचा मेळ बसत नसेल, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावं.

‘मी कुठे जाड आहे?’

या प्रश्नाचं उत्तर पुण्यात मिळालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. उंचीच्या प्रमाणातलं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा: 22.3. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2. काट्यावर सडपातळ, आत चरबी. ‘थिन-फॅट इंडियन’ म्हणतात ते हेच.

याज्ञिक यांच्या चमूने 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेतला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची. इंग्लंडमधल्या बाळांहून पाऊण-एक किलोने हलकी, हातापायांचे स्नायू बारीक, पण चरबी मात्र तितकी कमी नाही. ज्यांच्या आजी-आजोबांनी दुष्काळात दिवस काढले, अशी माणसं गाव सोडून कल्याण पूर्वेच्या चाळीत आली, बैठं काम आणि रात्री साडेदहाचं जेवण पदरात पडलं, की हे शरीर अडचणीत येतं. म्हणून आपल्याकडे 25 ऐवजी 23 बीएमआयपासूनच सावध व्हायचं. त्याहून सोपं म्हणजे शिंप्याचा टेप बेंबीच्या पातळीवर धरून कंबर मोजायची: पुरुषांची 90 सेंटिमीटर, बायकांची 80, याच्या आत. पँटचा नंबर धरू नका, आपण पँट पोटाखाली घालतो.

‘साखर सोडली, आता गूळ घेतो’

गुळातही बहुतांश तीच साखर आहे. थोडं लोह, थोडी चव, बाकी रक्तातल्या साखरेला दोन्ही सारखेच. मधाचंही तसंच. कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांची पूड घ्यायला माझी ना नाही, गोळी बंद करून घेण्याला आहे.

उलट आणखी एक टोक दिसतं: ‘मी आयुष्यात गोड खाल्लं नाही, मला कसा होईल?’ मधुमेह पेढ्यांमुळे होतो असं सरळ समीकरण नाही. आनुवंशिकता, पोटावरची चरबी, हालचाल, झोप, सगळं मिळून तो होतो. ताटात भाताचा डोंगर आणि वर बटाट्याची भाजी असेल, तर गोड न खाताही साखर चढते.

उपासाचं जरा खोलात सांगायला हवं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तंतू नाहीत, प्रथिनं नाहीत. आषाढीला खिचडी, वर रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू म्हणजे ‘एकादशी दुप्पट खाशी’च. शुगरचा आकडा त्या दिवशी सगळ्यात वर असतो. त्याउलट ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस खरंच निर्जळी उपास करतो, तेव्हा साखर 70 च्या खाली जाऊन तो गर्दीच्या डब्यात कोसळू शकतो. हात थरथरणं, दरदरून घाम, अचानक चिडचिड, शब्द अडखळणं. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, बरं वाटलं की काही खायला घालायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही. अशी औषधं असलेल्याने खिशात ग्लुकोजची पुडी ठेवलेली बरी. ठाकुर्लीजवळ गाडी अर्धा तास उभी राहणं आपल्याला नवं नाही.

दिवसातून दोनदाच जेवण्याचा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा मार्ग महाराष्ट्रात घरोघरी पोचला आणि अनेकांची वजनं त्याने उतरली. वजन उतरलं तर मधुमेह मागे हटतो, याला भक्कम पुरावाही आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत कडक आहाराने वजन घटवणाऱ्या गटातल्या जवळपास निम्म्या लोकांची साखर वर्षभरानंतर औषधांविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. पण ही माणसं मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतली होती, इन्सुलिनवर नव्हती आणि देखरेखीखाली होती. वजन परत चढलं की साखरही परत येते. म्हणून ‘बरा झाला’ न म्हणता ‘आटोक्यात गेला’ म्हणायचं आणि तपासणी चालू ठेवायची. गोळ्या चालू असताना दोनदा जेवण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा.

‘गोळ्यांनी किडनी जाते’

किडनी जाते ती वाढलेल्या साखरेने आणि वाढलेल्या रक्तदाबाने. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं नेहमीचं औषध किडनी बिघडवत नाही. किडनी आधीच फार दुबळी असेल, तर ते कमी करावं किंवा थांबवावं लागतं, आणि त्यातूनच हा समज रुजला असावा. त्याचा खरा दुष्परिणाम निराळाच आहे: बरीच वर्षं घेतल्यावर काहींच्या शरीरात बी-ट्वेल्व्ह कमी होतं आणि पायाला मुंग्या येतात. काही नव्या गोळ्या तर किडनीला वाचवतात. त्यांतल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं आणि अनेक भारतीय कंपन्यांच्या बऱ्याच स्वस्त गोळ्या आल्या.

किडनीची काळजी वाटत असेल, तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यावं. क्रिएटिनिन वाढेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

‘सुई लागली म्हणजे संपलं’

जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या एका मरणासन्न मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं आणि तो जगला. तेव्हापासून शंभर वर्षं हे औषध माणसं जगवतं आहे, आपल्याकडे मात्र ते शेवटच्या घटकेचं मानतात. मधुमेह जुना झाला की स्वादुपिंड थकतं, बाहेरून इन्सुलिन द्यावं लागतं. त्याची सवय लागत नाही.

भीतीपेक्षा मला टोपीच्या रंगाची काळजी जास्त वाटते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं: एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट, किंवा 100. 40 साठी लाल टोपीची सिरिंज, 100 साठी केशरी. 100 च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ‘दहा’पर्यंत भरलं, तर पोटात जातात पंचवीस युनिट. उलट केलं तर चारच. दुकानदाराने हातात दिलेली सिरिंज बाटलीवरच्या आकड्याशी जुळवल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवावं, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलं की वाया. फ्रिज नसेल तर पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या माठात, कोरड्या डब्यात घालून ठेवलं तरी चालतं. वापरात असलेली बाटली साधारण महिनाभर घरातल्या थंड जागी टिकते.

‘पायाला काही होत नाही, मला कळतच नाही’

हे वाक्य लोक अभिमानाने सांगतात. ‘निखारा पडला तरी कळत नाही.’ पायाची जाणीव तपासायला डॉक्टर बारीक नायलॉनचा दोरा वापरतात. डोळे मिटायला लावून तो तळपायाला टेकवतात आणि वाकेपर्यंत दाबतात. वाकताना दहा ग्रॅमचा दाब पडतो. तेवढाही कळला नाही, तर पायाचं भान गेलेलं आहे. मग खिळा रुततो, चपलेत खडा राहतो, मोटारसायकलच्या सायलेन्सरचा चटका बसतो, आणि कळतं ते मोज्याला रक्त दिसल्यावर.

आपल्या भागात त्यात भर पडते ती दोन गोष्टींची. एक, अनवाणी चालण्याचे नवस: अंगारकीला पायी टिटवाळा, नवरात्रात नऊ दिवस चप्पल बंद, दुर्गाडीच्या पायऱ्या. पायाचं भान गेलेल्याने नवस बदलून घ्यावा, देवाची हरकत नसावी. दुसरी, वालधुनीकाठचा पावसाळा. जुलैत तासन् तास पाय ओले राहतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि त्या भेगेतून जंतू आत शिरतात.

रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून, तळपाय आरशात पाहायचे किंवा घरच्या कुणाला दाखवायचे. टाचांना खोबरेल लावा, बेचक्यांत नको. नखं सरळ कापा, कोपरे खोदू नका. कुरूप ब्लेडने तासू नका, कुरूपाचं औषध म्हणून मिळणाऱ्या पट्ट्याही चिकटवू नका. गरम पाण्यात पाय घालण्याआधी पाणी कोपराने बघा. चप्पल मऊ एमसीआर रबराची, मागे पट्टा असलेली, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना घेतलेली. घालण्याआधी आत हात फिरवून बघायचा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिसचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो. रोजच्या गोळ्या, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि ही चप्पल तिच्यात बसत नाहीत. व्यवस्थेचा हा हिशेब मला उफराटा वाटतो, पण तो बदलेपर्यंत जेनेरिकच्या दुकानातून गोळ्या आणि पायांची रोजची पाहणी, एवढं आपल्या हातात आहे. पायाला जखम झाली, ती लाल-काळी पडली, वास आला किंवा ताप चढला, तर हळद भरून आठवडाभर वाट पाहू नका. त्याच दिवशी कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर किंवा उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, जे जवळ पडेल ते गाठा, आणि केसपेपर काढतानाच ‘शुगर आहे’ हे सांगा.