नाशिकचा कॉलेज फुटबॉल : अकरा जणी कुठून आणायच्या?

नाशिक धावणाऱ्या मुलींचा जिल्हा आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. संजीवनी जाधव २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत त्याच अंतरात दुसरी आली. दोघींचे प्रशिक्षक एकच, विजेंद्र सिंग. एक जाणता प्रशिक्षक, एक मैदान आणि जिद्दीची मुलगी एवढ्यावर हे घडलं. फुटबॉलला मात्र अशा अकरा जणी लागतात, आणि आपली महाविद्यालयं तिथेच अडतात.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्रीडारचनेत नाशिक हा एक विभाग. आधी आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय सामने, त्यातून विद्यापीठाचा संघ आणि पुढे पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. शिडी मुलामुलींना सारखीच. फरक पहिल्या पायरीवर पडतो. मुलगा शाळेपासून गल्लीत, सोसायटीत चेंडू लाथाडत आलेला असतो. मुलगी बहुधा प्रथम वर्षाला आल्यावरच स्टड घालते. लहान कॉलेजात क्रीडा संचालक कबड्डी-खोखोच्या मुलींना हाताशी धरतात. चढाईला सरावलेली चपळ पोरगी आघाडीला आणि झेप घेणारी खोखोपटू गोलपाशी. नियमाप्रमाणे सात खेळाडू असले तरी सामना सुरू होतो, म्हणून कसाबसा संघ उतरतो. पण सरावाची वेळ सकाळची. दिंडोरी-त्र्यंबककडून पहिल्या एसटीने येणारी मुलगी पोहोचेपर्यंत सराव आवरत आलेला असतो आणि तासाची घंटा जवळ आलेली असते.

कोल्हापूरची तऱ्हा निराळी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की गाव लोटतं. तिथला पोरगा महाविद्यालयात येतो तोच तयार होऊन. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पण तालमींची ती परंपराही मुलांनीच गाजवलेली. म्हणून मुलींच्या बाबतीत महाविद्यालयावरची जबाबदारी दुप्पट आहे, असं मला ठामपणे वाटतं. घर आणि पेठ जे देत नाही, ते जिमखान्यानं द्यायला हवं.

हे होऊ शकतं. अमेरिकेत १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानं शिक्षणसंस्थांना मुलींनाही खेळाची समान संधी देणं भाग पाडलं. तिथल्या महाविद्यालयीन खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतल्या छोट्या कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देण्याची मुभा नाही, तरी त्यातली कितीतरी कॉलेजं मुलांचा आणि मुलींचा असे दोन्ही फुटबॉल संघ चालवतात. भारताच्या महिला संघानंही २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. आपल्याकडच्या मुलींना आता बघायला आदर्श आहेत.

मराठा विद्या प्रसारक, गोखले एज्युकेशन, भोसला या संस्थांकडे जागा आहे, शिक्षक आहेत, परंपरा आहे. त्यांनी निवड चाचणीच्या तोंडावर मुली गोळा करण्याऐवजी जूनपासूनच मुलींच्या सरावाची वेळ फळ्यावर लावावी, ती पहिल्या एसटीशी जुळवावी आणि मैदानाचा तो तास दुसऱ्या कोणाला देऊ नये.