कोयनेचा जलाशय आणि जमिनीखालचे पाणी

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात कोयना नदी अडवून बांधलेल्या, पायापासून १०३ मीटर उंचीच्या धरणामागे १९६२च्या सुमारास पाणी साठू लागले आणि त्याबरोबरच परिसरात भूगर्भातून गडगडाटासह लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या ६.३ क्षमतेच्या भूकंपात तर कोयनानगर उद्ध्वस्त होऊन सुमारे १८० माणसे दगावली.

कोयना धरणामागच्या या शिवसागर जलाशयाची साठवण क्षमता सुमारे २८० कोटी घनमीटर, म्हणजे तेवढेच टन पाणी असल्याने या भारानेच जमीन खचली असावी असे सहज वाटते. परंतु धक्के जेथे उगम पावतात त्या खोलीवर, वरच्या पाच किलोमीटर जाडीच्या खडकाच्या भारापुढे शंभर मीटरांच्या आतला पाण्याचा स्तंभ एक टक्काही भरत नाही. खरा परिणाम घडवतो तो छिद्रजलदाब, म्हणजे खडकांच्या भेगांत व छिद्रांत शिरलेल्या पाण्याचा दाब. प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडकातील जुन्या तुटीच्या, दोन्ही बाजू वरच्या दाबामुळे घर्षणाने एकमेकींना धरून असतात आणि भेगेतील पाण्याचा दाब वाढला की ही पकड सैल होऊन आधीच ताणाखाली असलेले खडक सरकतात. भूकंपाची ऊर्जा भूकवचात पूर्वीपासून साठलेली असते, जलाशय केवळ तिला वाट करून देतो. म्हणूनच प्रत्येक मोठे धरण भूकंप घडवत नाही. पावसाळ्यात पाणी किती वेगाने चढते, कोणत्या पातळीपर्यंत पोहोचते आणि तेथे किती काळ टिकते, या तीन गोष्टींशी कोयनेच्या धक्क्यांचा संबंध भूभौतिकशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला.

धरणाने १९६७च्या भूकंपाचा आघात सोसला, पण अंगावर खुणा घेऊन. खालच्या अंगाचा उतार जेथे एकदम बदलतो त्याच उंचीवर, छेदाचा आकार बदलल्यामुळे ताण एकवटून, दोन्ही दर्शनी भागांवर आडव्या भेगा पडल्या. त्या बुजवून खालच्या अंगास काँक्रीटचे आधारस्तंभ चढवण्यात आले.

१९८० च्या दशकात दक्षिणेस वारणेचा जलाशय भरू लागला आणि पुढे धक्क्यांचे क्षेत्रही त्या दिशेने पसरले. या धक्क्यांचा अभ्यास आता कराड येथील संशोधन केंद्रामार्फत खोल विंधनविवरांतून चालू आहे. गोठणे येथील तीन किलोमीटर खोल विवरात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली ग्रॅनाइटसदृश खडक लागला. भूकंपाची नेमकी वेळ मात्र आजही सांगता येत नाही, तेव्हा कोयना आणि वारणा खोऱ्यांत उभे राहणारे प्रत्येक घर, शाळा आणि दवाखाना भूकंपरोधक बांधला गेलाच पाहिजे.