संग्राहकांचे जग (लेखांक ९) : पात्याची साक्ष

गेल्या आठवड्यात आपण टपाल-तिकिटांच्या संग्राहकाचा विचार केला. ज्या गुणदोषांवर त्याला पैसे मोजावयाचे असतात ते, म्हणजे कडेचे दाते, मागचा डिंक, कागदातील जलचिन्ह, भिंगासारख्या साध्या साधनांच्या साहाय्याने त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतात. आज ज्या संग्राहकाकडे वळावयाचे आहे त्याची अवस्था याच्या नेमकी उलट आहे. अमेरिकेत चाकूंचा संग्रह हा एक प्रतिष्ठित आणि जुना छंद आहे. तेथील संग्राहकाला मूठ हाडाची आहे की सांबरशिंगाची, पाते मिटताना कडेला घासते की काय, खिळे नीट बसले आहेत की नाहीत, हे सारे दिसते. परंतु ज्या एका गोष्टीवाचून चाकू हा चाकू ठरत नाही, ती गोष्ट, म्हणजे पात्याला दिलेले पाणी, त्याला कधीच दिसत नाही.

१०९५ या क्रमांकाने ओळखले जाणारे साधे पोलाद घ्या. त्यात कर्बाचे प्रमाण सुमारे ०.९५ टक्के असते. पाते ८०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवावयाचे, लाल असतानाच तेलात बुडवावयाचे आणि मग २०० अंशांच्या जवळपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करावयाचा, एवढीच ती पाणी देण्याची क्रिया. पण भट्टीची आंच प्रमाणाबाहेर गेली तर पोलादाचे कण जाड होऊन पाते ठिसूळ बनते, आणि बुडविण्यास विलंब झाला तर ते मऊ राहून त्याची धार वळते. नीट साधलेले एक आणि अशी बिघडलेली दोन, ही तिन्ही पाती घासूनपुसून शेजारी ठेवली तर मुरलेल्या लोहारालाही नुसत्या दृष्टीने त्यांतला भेद सांगता येणार नाही. रॉकवेल यंत्राचे हिऱ्याचे टोक पात्यावर दाबून, पडलेल्या खळग्याच्या खोलीवरून कठिणतेचा अंक काढता येतो हे खरे. तथापि तो अंक चिवटपणाविषयी काही सांगत नाही, आणि तो खळगा स्वतःच्या संग्रहातील चाकूवर पाडून घेण्यास कोणताही संग्राहक राजी होत नाही. किंबहुना ज्या चाकूची किंमत त्याच्या कोरेपणात आहे, त्याने दोरीचा तुकडा कापून पाहणे हेही त्याला परवडत नाही. अशा रीतीने, जी वस्तू विकत घ्यावयाची तिची स्वतः परीक्षा करण्याचा मार्ग बंद झालेला हा मनुष्य दुसऱ्याच्या साक्षीवर विसंबतो. आणि संग्राहकांच्या समुदायाला त्याच्या खरेदीवर जो विलक्षण अधिकार प्राप्त झाला आहे, त्याचा उगम माझ्या मते येथे, या अगतिकतेत आहे. हौस, अनुकरण, मित्रांतील चढाओढ ही कारणेही आहेत, पण ती कोणत्याही संग्रहाला लागू पडतात.

सर्वच पाती मुकी असतात असे मात्र नाही. दख्खनच्या मुशीतील पोलादाची, जे घेण्यासाठी गोवळकोंड्याच्या मुलुखात इराणी व्यापारी येत असत त्या पोलादाची, पाती या बाबतीत बोलकी होती. त्यांच्या पृष्ठभागावर लाटांसारखी जी नक्षी उमटे, जिला फारसीत जौहर म्हणत, ती नुसती शोभेची नव्हती. घडविताना लोहाराने आंच बेसुमार वाढविली तर ती नक्षीच नाहीशी होत असे, म्हणजे कारागिराच्या संयमाचा दाखला पात्यावरच लिहिलेला सापडे आणि गिऱ्हाइकाला तो वाचता येई. आजच्या एकजिनसी, चकचकीत, न गंजणाऱ्या पात्यावर असा दाखला नाही. तो बाहेरून आणावा लागतो.

हा दाखला पुरविण्याची पहिली मोठी व्यवस्था अमेरिकेत जी निर्माण झाली ती गुणांची नव्हती, कालगणनेची होती. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड गावच्या केस या कारखान्याचे चाकू शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या खिशात पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले. १९४० पासून १९६४ पर्यंत त्यांच्या पात्याच्या बुडाशी ‘केस एक्सएक्स’ असा शिक्का असे. १९६५ मध्ये त्याखाली देशाची आद्याक्षरे आली. आणि १९७० मध्ये कारखान्याने त्या शिक्क्याखाली दहा ठिपके देऊन दर वर्षी त्यांतला एक ठिपका गाळण्याची वहिवाट सुरू केली. म्हणजे सात ठिपके असलेला चाकू १९७३ चा. शिवाय प्रत्येक नमुन्याला क्रमांक असे, आणि तो वाचण्याची रीतही संग्राहकांनी मुखोद्गत केली. ६२५४ या क्रमांकातील ६ म्हणजे कोरलेल्या हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ हा कारखान्यातील घडणीचा अंक. शिक्का आणि क्रमांक यांच्या संयोगातून एक प्रचंड तपशीलवार दप्तर तयार झाले, संग्राहकांच्या मंडळ्यांनी त्यावरून भावांची पुस्तके काढली, आणि हातात धरावयास जराही निराळे न वाटणारे दोन चाकू केवळ एका ठिपक्याच्या अंतरामुळे वेगवेगळ्या किमतीला जाऊ लागले. पात्याला पाणी कसे दिले आहे हा प्रश्न येथे कोणी विचारीतच नव्हते. कारखान्याच्या नावावरच सर्वांचा इतबार होता.

तो प्रश्न ज्यांनी उघड्यावर आणला ते लोक निराळे. मेरीलंडमधील विल्यम मोरान या लोहाराने १९७३ मध्ये चाकूकारांच्या प्रदर्शनात थरांवर थर जोडून घडविलेली दमास्कस पाती मांडली, आणि ती विद्या अमेरिकेत पुन्हा रुजली. (ही पाती आणि वर सांगितलेली दख्खनची पाती यांची घडण अगदी भिन्न, हे ध्यानात ठेवावे.) पुढे १९७६ मध्ये मोरान व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन केली आणि तिच्यामार्फत एक परीक्षा घालून दिली, जिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. उमेदवाराने घडविलेला एकच चाकू, ज्याचे पाते १० इंचांहून लांब नसावे, घ्यावयाचा. मोकळ्या लोंबत्या, एक इंच जाडीच्या दोराचे टोक एका घावात उडवावयाचे. मग बांधकामाचा जाड लाकडी तुकडा दोनदा आरपार तोडावयाचा. त्यानंतर, मध्ये धार न लावता, त्याच पात्याने हातावरचे केस काढून दाखवावयाचे. आणि शेवटी पाते पकडीत आवळून ९० अंशांपर्यंत वाकवावयाचे. ते मोडता कामा नये. दोर धारेचा साक्षीदार, लाकूड तिच्या टिकाऊपणाचा, केस तिच्या अभंगतेचा आणि पकड चिवटपणाची. आणि हे सर्व मास्टर स्मिथ म्हणजे आचार्यपद मिळविलेल्या लोहाराच्या समक्ष. चाकूची आहुती पडते, पण पुढे ते पद मिळालेल्याच्या पात्यावर ‘एमएस’ ही अक्षरे उमटतात, आणि ज्या गिऱ्हाइकाने तो दोर पाहिला नाही व ती पकड पाहिली नाही, त्याला त्या दोन अक्षरांत त्या साऱ्या परीक्षेची सनद मिळते.

गेल्या पंचवीसएक वर्षांत महाजालामुळे या साक्षीदारांची संख्या एकदम अगणित झाली. पूर्वी साक्ष देणारे म्हणजे नियतकालिकाचा लेखक, प्रदर्शनातील दुकानदार आणि गावातला एखादा जाणता. आता ज्याने चाकू विकत घेतला तो प्रत्येक जण बोलू लागला, आणि बोलणाऱ्यांत असे पुष्कळ निघाले की जे चाकू खरोखरच वापरीत होते. याचा पहिला परिणाम असा झाला की पोलादांची नावे, जी आजवर कारखान्यांच्या खरेदी-खात्यापलीकडे कोणास ठाऊक नव्हती, ती सामान्य गिऱ्हाइकाच्या तोंडी आली. क्रुसिबल या अमेरिकन कंपनीचे एस ३० व्ही हे पोलाद, जे चाकूकारांशी विचारविनिमय करून मुद्दाम पात्यांसाठी सिद्ध केलेले होते, २००१ च्या सुमारास बाजारात आले, आणि थोड्याच वर्षांत चाकूचा आकार, मूठ, वजन यांच्याआधी “पोलाद कोणते?” हा प्रश्न विचारला जाऊ लागला. कोलोरॅडोतील गोल्डन गावच्या स्पायडरको कंपनीचे संस्थापक सॅल ग्लेसर हे तर गिऱ्हाइकांच्या या चर्चेत स्वतः उतरून उत्तरे देत राहिले. त्यांच्या कंपनीने एकाच आकाराची, मूठ न बसविलेली पाती निरनिराळ्या पोलादांत काढून हौशी परीक्षकांना विकण्याचा जो उपक्रम चालविला, त्यात ग्राहक हा कारखान्याच्या प्रयोगशाळेचा भागीदारच झाला.

या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद उदाहरण लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाचे आहे. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम घालतात; पण त्यातला काही भाग कर्बाशी संयोग पावून जाडसर कण बनवितो, गंजाशी झुंजण्यास तेवढा कमी मोकळा राहतो, आणि त्या जाड कणांमुळे पाते ठिसूळही होते. म्हणून चिवटपणा हवा तर गंज सोसा, आणि गंज नको तर चिवटपणावर पाणी सोडा, अशी परिस्थिती होती. थॉमस यांनी क्रोमियम १०.७ टक्क्यांवर आणून, कर्ब आणि नायट्रोजन काटेकोर मोजून, कठीण कणांचे काम व्हॅनेडियम व नायोबियम यांच्या अतिसूक्ष्म कणांवर सोपविले. क्रोमियम जवळजवळ सगळे गंजाविरुद्ध मोकळे राहिले. मॅग्नाकट या नावाचे हे पोलाद २०२१ मध्ये जाहीर झाले आणि अल्पावधीत त्याला एवढी मागणी आली की ते घातले नाही तर आपला चाकू मागे पडेल असे कारखानदारांना वाटू लागले. याचे कारण केवळ ते उत्तम आहे हे नव्हे. थॉमस यांनी त्याआधी काही वर्षे पोलादांची सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रे, चिवटपणाच्या चाचण्या आणि इंग्लंडमधील शेफील्डच्या यंत्रावर घेतलेले धारेचे निकाल, ज्यात वाळूमिश्रित कागदाच्या गठ्ठ्यावर पाते पुढेमागे फिरवून एकूण किती कागद कापला गेला ते मिलिमीटरांत मोजतात, सामान्य वाचकांसाठी सोप्या भाषेत मांडले होते आणि २०२० मध्ये त्यावर ग्रंथही लिहिला होता. साक्षीदाराची विश्वासार्हता आधी सिद्ध झाली, आणि वस्तू नंतर आली.

पण समुदायाची जी भूल मला सर्वांत गंभीर वाटते ती पोलादाच्या या नावलौकिकातूनच जन्मली. पोलादाचे नाव पात्यावर कोरलेले असते, दिलेले पाणी कोरता येत नाही. सबब जे वाचता येते त्यालाच भाव चढला. उत्तम पोलादाचे नाव कोरून पाते मात्र मऊ ठेवावयाचे, म्हणजे घासण्याचा खर्च वाचतो आणि पाते तुटल्याच्या तक्रारीही येत नाहीत, हा मार्ग कारखान्याला मोकळा झाला. समाधानाची गोष्ट अशी की ही लबाडी उघडकीस आणली तीही समुदायानेच. काही सभासदांनी आपले चाकू रॉकवेल यंत्राखाली घातले, आकडे जाहीर केले, शंका घेणाऱ्यांनी दुसरे नमुने तपासून त्यांची शहानिशा केली. आणि आपण कोणती कठिणता ठेवतो हे कारखान्यांना जाहिरातीत सांगणे भाग पडले. आपली नवी वस्तू यंत्राखाली ठेवणाऱ्या त्या गिऱ्हाइकांचे सर्वांवर ऋण आहे.

दुर्मीळतेच्या बाबतीत समुदाय इतका सावध राहिलेला नाही. पेनसिल्व्हेनियातीलच टायटसव्हिल येथे २००६ मध्ये ग्रेट ईस्टर्न कटलरी नावाचा कारखाना निघाला आणि त्याने साध्या कार्बन-पोलादाचे, जुन्या घडणीचे मिटते चाकू थोड्याथोड्या संख्येने काढण्यास प्रारंभ केला. काम प्रामाणिक आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु एखादी घडण निघणार अशी वार्ता फुटताच समुदायात जी लगबग उडते, दुकानात माल येताक्षणी संपतो, आणि त्याच दिवशी तोच चाकू चढ्या भावाने पुन्हा विक्रीस येतो, त्या सर्वांत चाकूच्या गुणाचा निर्णय कोणी केलेलाच नसतो. दुसऱ्यांना तो मिळाला नाही एवढीच त्याच्याबद्दलची साक्ष. समुदायाचे मत जेथे कसोटीतून आले तेथे ते शहाणे ठरले, आणि जेथे नुसत्या गर्दीतून आले तेथे त्याने गरीब हौशी माणसाला नाडले, असे मला स्पष्ट दिसते. उलट, सभासदांची मते घेऊन नमुना, पात्याचा आकार आणि मुठीचे हाड ठरवावयाचे, आगाऊ नोंदणी करावयाची आणि मागेल त्याला मिळेल इतका माल कारखान्याकडून करून घ्यावयाचा, ही काही मंडळ्यांची वार्षिक प्रथा मला फार निकोप वाटते.

नकली मालाचा विचार पुढील लेखांकासाठी राखून ठेवावा लागत आहे, कारण शिक्का घासून नवा उमटविण्याच्या युक्त्या आणि त्या ओळखण्याच्या खुणा यांना स्वतंत्र जागा हवी. आजच्या विषयाचा एक ताजा धागा मात्र येथेच नोंदवितो. क्रुसिबल कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि तिच्या चूर्णपोलादांचा, म्हणजे वितळलेल्या धातूचे आधी चूर्ण करून बनविलेल्या पोलादांचा, वारसा युरोपातील एरास्टील या कंपनीकडे गेला. क्रुसिबलच्याच भट्टीत बनत आलेल्या मॅग्नाकटचे सूत्र तेच, नाव तेच. वितळविणारी भट्टी निराळी. आता संग्राहकाला पाते कोणत्या भट्टीच्या पोलादाचे आहे हेही विचारून घ्यावे लागेल, आणि जुन्या व नव्या नमुन्यांची पाती एकाच पाण्याने सिद्ध करून, एकाच यंत्रावर, तोच कागद कापवून त्यांचे मिलिमीटर कोणी तरी मोजीपर्यंत त्याला थांबावे लागेल.