भंगारातील जनित्र

बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे गाव मलकापूर आणि नांदुरा यांना जोडणाऱ्या राजमार्गावर वसलेले आहे. मालमोटारींची वर्दळ जेथे असते, तेथे मोडक्या वस्तूही साठतात. फुटके लाउडस्पीकर, जळालेले पंखे, सायकलचे गंजलेले डायनामो, मोडकी खेळणी अशा वस्तू भंगाराच्या दुकानात वजनावर विकल्या जातात. पुष्कळांच्या लेखी ही केवळ अडगळ होय. परंतु जिज्ञासू मुलाच्या लेखी तीत एक लहानसे वीजघर दडलेले असते.

ते उभारण्यास फारसे साहित्य लागत नाही. प्लास्टिकची वीतभर नळी, तीत सहज घसरतील अशी चार-पाच गोल चुंबके आणि निकामी ट्रान्सफॉर्मरमधून उलगडलेली तांब्याची बारीक तार एवढे मिळाले की पुरे. ह्या तारेवर व्हार्निशसारखा पातळ लेप असतो. तो शाबूत असावा लागतो. नाहीतर शेजारचे वेढे एकमेकांस चिकटतात आणि सारा खटाटोप व्यर्थ जातो. पंखा जळतो तेव्हा त्याच्या तारेवरील हा लेपच करपलेला असतो. म्हणून ती तार चकचकीत दिसली तरी ह्या कामी घेऊ नये. नळीच्या मध्यभागी काही शे वेढे द्यावेत, तारेची दोन्ही टोके खरवडून त्यांना तांबडा एल. ई. डी. दिवा जोडावा, चुंबके एकमेकांस चिकटवून आत सोडावीत आणि नळीची तोंडे कापसाने बंद करावीत. नळी जोराने हालविली की दिवा लुकलुकतो. त्याला सुमारे 2 व्होल्ट दाब लागतो. तेवढा न मिळाल्यास वेढे वाढवावेत. दुसरा दिवा उलट्या बाजूने जोडला तर दोन्ही दिवे आळीपाळीने चमकतात. कारण चुंबक आत शिरताना वीज एका दिशेने वाहते आणि बाहेर पडताना दुसऱ्या दिशेने.

पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी 2003 पासून 2014 पर्यंत अशाच टाकाऊ वस्तूंतून मुलांसाठी खेळणी घडविली. 2018 साली त्यांस पद्मश्री मिळाली. खेळणे मोडून पाहण्याचे स्वातंत्र्य मुलास असावे, हा त्यांच्या कार्यातील विचार आपल्या पुष्कळ घरांत अजून पचनी पडलेला नाही.

नळी, तार आणि चुंबक हा मेळ मुळात मायकेल फॅरडे यांचा. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत वाढला. 17 ऑक्टोबर 1831 रोजी त्यांनी कागदाच्या पोकळ नळीभोवती तांब्याच्या तारेची आठ वेटोळी गुंडाळली आणि नळीत एक चुंबक झटकन खुपसले. वीज दर्शविणारी सुई हलली. चुंबक आत स्थिर राहताच ती पूर्वस्थानी आली. चुंबक बाहेर ओढताच उलट बाजूस हलली. चुंबक नुसते जवळ असून भागत नाही, त्याची हालचाल व्हावी लागते, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

येथेच हौशी कारागिराच्या मनात एक मोह उत्पन्न होतो. चुंबक तर झिजताना दिसत नाही. मग चुंबकांनीच एकमेकांस ढकलून चाक अखंड का फिरवू नये? असा प्रयत्न करणाऱ्यांस मूर्ख म्हणण्याचे कारण नाही. भास्कराचार्यांसारख्या थोर गणितज्ञानेही बाराव्या शतकात, आरे पोकळ ठेवून त्यांत अर्धा पारा भरलेले आणि आपोआप फिरत राहणारे चाक वर्णिले आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिला, हे सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे. पुढे युरोपातही अशा चाकांच्या इतक्या योजना निघाल्या की, 1775 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्या तपासणेच बंद केले. आजही असे चाक फिरते असे दाखविणारी मंडळी आढळतात. त्यांच्या यंत्राच्या तळाशी बहुधा एखादी बॅटरी लपविलेली असते. दोष चुकण्यात नाही, त्या लपविण्यात आहे.

ह्या मोहाचे उत्तर मोडक्या खेळण्यातील लहान मोटर देते. तिचा कणा बोटांनी फिरविला की तीच मोटर जनित्र बनते. तिची दोन टोके सुटी असताना कणा सहज फिरतो. तीच टोके एकमेकांस जोडून फिरविला की तो जड लागतो. बाहेरून पाहता काहीच बदललेले नाही, मग हा जडपणा कोठून आला? वीज वाहू लागताच वेटोळे स्वतःच चुंबक बनते, आणि ज्या हालचालीने ती वीज उपजली त्याच हालचालीस अडविते. लेंझ या शास्त्रज्ञाने हा नियम 1834 साली मांडला. वीज चुंबकातून निघत नाही. ती हाताच्या श्रमातून निघते, आणि चुंबक हा केवळ मध्यस्थ असतो. सायकलच्या चाकास डायनामो टेकताच चढावर दम का लागतो, हेही यावरून उमगते. दिव्यास मिळते अवघे 3 वॅट. घर्षणात जाते ते वेगळेच, आणि दोन्हींचा भार पायांवरच पडतो.

मात्र श्रम हाताचेच असले पाहिजेत असे नाही. आफ्रिकेतील मलावी देशात 2001-02 च्या दुष्काळानंतर विल्यम कामक्वांबा या शेतकऱ्याच्या मुलाची शाळा सुटली, कारण फी भरण्यास घरी पैसे नव्हते. त्याने वाचनालयातील पुस्तक पाहून ट्रॅक्टरचा टाकून दिलेला पंखा, मोडक्या सायकलचा सांगाडा आणि सायकलचाच डायनामो एकत्र जोडला व लाकडी मनोऱ्यावर पवनचक्की उभारली. घरात दिवा लागला. त्यासाठी लागणारे श्रम वारा करीत होता. वारा पडला की दिवाही विझे. म्हणून पुढे त्याने मोटारीची एक बॅटरी मिळवून पवनचक्कीस जोडली.