रानपिंगळा आणि टपालातलं पक्षिशास्त्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडहून उत्तरेला पाहिलं की सातपुड्याची रांग दिसते. त्या रांगेत वान अभयारण्य आहे आणि त्याला लागून मेळघाट. तिथल्या सागाच्या जंगलात रानपिंगळा नावाचं छोटं घुबड राहतं. भारताबाहेर जगात ते कुठेच नाही. त्याच्याविषयी वर्तमानपत्रांत आणि भाषणांत एक वाक्य हमखास येतं : ‘नामशेष झालेला पक्षी ११३ वर्षांनी परत आला.’ हे वाक्य चुकीचं आहे. पक्षी त्या काळातही इथेच पिल्लं वाढवत होता. माणसांना मात्र तो कुठे शोधायचा ते कळत नव्हतं. हे असं का झालं, ते समजून घ्यायचं तर दीडशे वर्षांपूर्वीच्या टपालाच्या थैल्या उघडाव्या लागतात.

पहिला समज असा की रानपिंगळा ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी जंगलात शोधला. १८८५ च्या काँग्रेस स्थापनेमुळे ह्यूम हे नाव आपण शाळेपासून ऐकतो. पक्षिशास्त्रातलं त्यांचं काम त्याहून कमी नाही, पण ते आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. त्यांनी १८७३ साली या घुबडाचं शास्त्रीय वर्णन छापलं, तेव्हा त्यांच्यापुढे एक कातडं होतं. ते एफ. आर. ब्लेविट यांनी डिसेंबर १८७२ मध्ये बसना-फुलझर भागात मिळवलं होतं. हा भाग आज छत्तीसगडमध्ये आहे. ब्लेविट हे ह्यूम यांना नेमाने पक्षी, अंडी आणि टिपणं धाडणाऱ्यांपैकी एक. म्हणून पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘ब्लेविटी’ आलं.

त्या काळी अर्धं पक्षिशास्त्र असंच चालायचं. मारलेल्या पक्ष्याचं कातडं सोलून त्याला आतून सोमलाचा साबण लावायचा, कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर जागा, तारीख, नर की मादी आणि मिळवणाऱ्याचं नाव. सोबत पत्र : पक्षी कसा बसला होता, काय खात होता, डोळ्यांचा रंग कोणता होता. डोळ्यांचा रंग मरणानंतर टिकत नाही, त्यामुळे तो लिहून कळवला नाही तर कायमचा गेला. म्हणजे कातडं आणि कागद मिळूनच एक नमुना होत असे. यातली चिठ्ठी काढून टाकली तर शास्त्राच्या दृष्टीने मागे फार थोडं उरतं. पुढची सगळी गोष्ट या चिठ्ठीवर उभी आहे.

ह्यूम यांनी या पत्रांसाठी ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिकच काढलं. जिल्ह्याजिल्ह्यांतले कलेक्टर, रेल्वेचे इंजिनियर, लष्करी अधिकारी, डॉक्टर त्यात लिहीत आणि एकमेकांच्या चुका दाखवत. शिकारपक्ष्यांवरच्या त्यांच्या एकाच ग्रंथात दोनशेहून अधिक पत्रलेखकांची नावं आहेत. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर डेव्हिडसन आणि वेंडेन या जोडीने १८७८ साली दख्खनच्या पक्ष्यांवर त्यात लेख लिहिला. १८८२ साली जेम्स डेव्हिडसन यांची पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी आली. इथे एक घोटाळा वाचकांचा नेहमी होतो. हे डेव्हिडसन मुलकी अधिकारी होते. ह्यूम यांच्या पदरी नमुने गोळा करणारे विल्यम डेव्हिसन हे वेगळेच गृहस्थ.

व्हिक्टोरियन निसर्गअभ्यासक एकांतात चिंतन करणारा ऋषी होता, हा दुसरा समज. डार्विन यांच्याबद्दल तो विशेष पक्का आहे. प्रत्यक्षात डार्विन यांची लिहिलेली आणि त्यांना आलेली मिळून सुमारे १५,००० पत्रं आज ज्ञात आहेत आणि ती सुमारे २,००० माणसांशी झालेली आहेत. कबुतरांच्या जातींचा अभ्यास करताना त्यांना वॉल्टर इलियट यांनी मद्रासहून कातडी पाठवली. हे इलियट त्याआधी धारवाडकडच्या दक्षिण मराठा मुलखात नोकरीला होते. १८५९ च्या ग्रंथात डार्विन यांनी त्यांचे नाव घेऊन आभार मानले आहेत. कलकत्त्याचे एडवर्ड ब्लाइथ यांची लांबलचक पत्रंही डार्विन यांना फार उपयोगी पडली.

‘हे सगळं साहेबांचं काम, आपल्या लोकांचा त्यात संबंध नाही’ हा समज मला जास्त खुपतो, कारण तो आपल्याच माणसांना विसरायला लावतो. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते. आत्माराम पांडुरंग प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. सखाराम अर्जुन वैद्यकाचे जाणकार, औषधी वनस्पतींचे अभ्यासक आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. आणि ज्यांनी साहेबाला ओढ्यापर्यंत नेलं, फासे लावले, रात्री कंदिलाच्या उजेडात कातडी सोलली, त्यांची नावं चिठ्ठ्यांवर क्वचितच आली. चिठ्ठीवर नाव असायचं ते पाठवणाऱ्याचं. हा अन्याय भरून काढणं आता अवघड आहे, पण निदान तो झाला होता हे तरी लिहिलं पाहिजे.

ह्यूम यांच्या हस्तलिखितांची कहाणी अनेकांना ठाऊक असते. सिमल्याच्या त्यांच्या घरातून भारतीय पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथाची वर्षानुवर्षांची टिपणं नाहीशी झाली. नोकराने ती बाजारात रद्दीच्या भावाने विकली होती. ह्यूम यांनी त्यानंतर पक्षिशास्त्र सोडलं आणि आपला अफाट संग्रह, अंडी धरून ८०,००० च्या आसपास नमुने, ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. यावरून सारी माहिती बुडाली असं मानलं जातं. तसं झालं नाही. जे पत्ररूपाने ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापलं गेलं होतं ते शिल्लक राहिलं. घरट्यांवरच्या ग्रंथाची दुसरी आवृत्तीही यूजीन ओट्स यांच्या संपादनाखाली १८८९-९० मध्ये निघाली. एका घरात साठवलेलं गेलं आणि चारचौघांत वाटलेलं वाचलं.

आता मूळ प्रश्नाकडे. रानपिंगळ्याचे एकोणिसाव्या शतकातले नमुने फक्त सात. एक ब्लेविट यांचा, एक व्हॅलेंटाइन बॉल यांनी १८७७ मध्ये मिळवलेला आणि बाकीचे डेव्हिडसन यांनी १८८० ते १८८४ दरम्यान शहादा-तळोदा भागातून पाठवलेले. मेळघाटचा एकही नाही. त्यावरून कुणी म्हणेल की तेव्हा तो मेळघाटात नसावा. हा या विषयातला सर्वांत फसवा निष्कर्ष आहे. १८५३ पासून वऱ्हाडात इंग्रजी कारभार होता, अधिकारीही होते, पण या घुबडाचं कातडं चिठ्ठी बांधून पाठवणारा त्यांच्यात निघाला नाही. जिथे लिहिणारा नेमला गेला तिथला पक्षी कागदावर आला. जुन्या नकाशावरचे ठिपके पक्ष्यांची वस्ती दाखवतात, त्याहून जास्त पत्रलेखकांची वस्ती दाखवतात. जुन्या याद्या चाळणाऱ्याने हे कायम लक्षात ठेवावं.

नोंद नसण्याने नुकसान झालं, पण खोट्या नोंदीने त्याहून मोठं झालं. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे विसाव्या शतकातलं पक्षिशास्त्रातलं बडं प्रस्थ. त्यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं : मांडवी, गुजरात, १९१४. ही १८८४ नंतरची एकमेव नोंद. साहजिकच तो अजून असलाच तर तिकडे असेल असं अभ्यासक धरून चालले. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांनाही त्याचा माग लागला नाही.

नव्वदच्या दशकात पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ते कातडं बारकाईने तपासलं. प्रत्येक कातडं बनवणाऱ्याच्या हाताचं वळण त्यात राहतं : कापूस किती, तो कुठे दाबलेला, टाका कसा. क्ष-किरणांखाली दिसलं की या नमुन्यावर नव्याने हात फिरवला आहे आणि आतली मूळ धाटणी डेव्हिडसन यांची आहे. ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला डेव्हिडसन यांचा पक्षी नवी चिठ्ठी बांधून १९१४ चा केलेला होता. मांडवी बाद झाली. मग उरल्या जुन्या, खऱ्या जागा. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडे हिंडले, तिथे काही मिळालं नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, दिवसाढवळ्या त्यांना रानपिंगळा दिसला. डेव्हिडसन यांच्या चिठ्ठ्यांवरचा पत्ता शंभर वर्षांनंतरही बरोबर होता.

त्यानंतरच्या सर्वेक्षणांत फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांना तो तळोदा, तोरणमाळ, मध्य प्रदेशातलं खकनार आणि मेळघाट इथे मिळाला. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. पुढे २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणलं गेलं. धोका टळला असा त्याचा अर्थ नव्हे. तो अधिक ठिकाणी सापडला, एवढाच अर्थ. जंगलतोड, वणवे आणि घुबडाभोवतीच्या अंधश्रद्धा त्याला अजूनही भोवतात.

राहिला गावाकडचा समज : ‘पिंगळा तर आमच्या चिंचेवर रोज बसतो.’ तो साधा पिंगळा, वस्तीजवळचा आणि मुख्यतः संध्याकाळनंतर हिंडणारा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ एकरंगी असतं, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे असतात, पोटाखालचा भाग पांढराशुभ्र आणि पाय थोराड असतात. तो पानगळीच्या सागावर उघड्या फांदीच्या टोकाला दिवसा बसलेला दिसतो आणि सरडे, उंदीर पकडतो. हिवरखेड, अडगाव किंवा वान रस्त्याकडच्या कुणाला असा पक्षी दिसला तर नुसता फोटो पुरेसा नाही. तारीख, वेळ, नाल्याचं किंवा शिवाराचं नाव, झाड कोणतं, पक्षी काय करत होता आणि पाहणारा कोण, हे त्याच दिवशी लिहून वनखात्याला किंवा पक्षी अभ्यासकांना कळवावं. वाट दाखवणारा गावातला किंवा कोरकू पाड्यावरचा माणूस असेल, तर त्याचंही नाव त्या नोंदीत घालावं.