नऊ पंच, पाच आकडे

खेळातल्या उत्तेजकांवर जगभर नजर ठेवणाऱ्या ‘वाडा’ची २०२४ सालची आकडेवारी आली आणि भारताचं नाव नको त्या कारणाने पुन्हा यादीच्या डोक्यावर गेलं. ७,११३ नमुने तपासले, २६० दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक, आणि तेही सलग तिसऱ्या वर्षी. हे आकडे सगळ्या खेळांचे आहेत. पण बातमी वाचून गावोगावी संशयाने पाहिलं गेलं ते जिमच्या पोरांकडे. पुणे-कोल्हापूरकडे मेफेंटरमाइनच्या इंजेक्शनांचे साठे पकडल्याच्या बातम्या लोकांच्या डोक्यात होत्याच. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा उतरलेला रक्तदाब सावरण्यासाठी असलेलं औषध व्यायामाला जोर यावा म्हणून टोचून घेणं हा जिवाशी खेळ आहे, त्यावर दुमत असण्याचं कारण नाही.

मात्र या गदारोळात स्टेजवरचा खेळ पार बाजूला पडतो. मलकापूरचंच पाहा. हे कापसाचं आणि रेल्वेचं गाव. पश्चिमेची गाडी धरली की भुसावळ-जळगाव, पूर्वेची धरली की अकोला-अमरावती. म्हणजे इथल्या शरीरसौष्ठवपटूला खानदेश आणि वऱ्हाड, दोन्हीकडची स्टेज जवळची. शिवजयंती, हनुमान जयंती, एखाद्या नेत्याचा वाढदिवस अशी निमित्तं साधून अशा गावांतून ‘श्री’ किताबाच्या स्पर्धा होतात. मैदान भरतं, शिट्ट्या वाजतात, निकाल पुकारला जातो आणि मग एकच वाद सुरू होतो : ‘आपल्या पोराचे दंड मोठे होते ना भाऊ, मंग दुसरा नंबर कसा?’

प्रश्न रास्त आहे. कुस्तीत पाठ टेकली की शेवटच्या रांगेतल्यालाही निकाल कळतो. इथे कुणी कुणाला हातही लावत नाही. निकाल लागतो तो पंचांच्या टेबलावरच्या कागदावर, आणि तो कागद प्रेक्षकाला कधी दिसत नाही.

पंचांच्या निवाड्याची ही पद्धत सव्वाशे वर्षांची आहे. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये नामवंत शक्तिपटू युजेन सँडोने शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा भरवली. पंच तिघे : स्वतः सँडो, शिल्पकार चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे जिंकला. पुढे १९०४-०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. आपल्याकडे तालीम आणि आखाडा होताच. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीत उभ्या केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर विदर्भातलं व्यायामाचं वेड थेट १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळच्या प्रात्यक्षिकांपर्यंत नेलं. ताकद आणि चपळाई जोखण्याची परंपरा आपली जुनी. बांधा जोखण्याचं शास्त्र मात्र नंतर आलं.

ते शास्त्र सुरू होतं वजनकाट्यापासून. महाराष्ट्रातल्या मोठ्या स्पर्धांत ५५ किलोपासून पाच-पाच किलोंच्या टप्प्याने ९० आणि त्यावरच्या गटापर्यंत विभागणी असते. आयएफबीबी या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत वजन जास्त भरलं तर अर्ध्या तासाची मुदत मिळते; तेवढ्यात उतरलं नाही तर वरचा गट. गट नसते तर बंगालचे मनोहर आइच जगाला कळलेच नसते. उंची जेमतेम चार फूट अकरा इंच, आणि १९५२ मध्ये ते कमी उंचीच्या गटात ‘मिस्टर युनिव्हर्स’ ठरले. मोठ्या आकाराच्या माणसाशेजारी त्यांना उभं केलं असतं तर त्यांची रेखीव शरीरयष्टी कुणाच्या नजरेतच भरली नसती.

गट जाहीर झाला की खरी परीक्षा प्राथमिक फेरीत होते. रात्री दिवे आणि गाण्यांसह जे दिसतं त्याच्या आधीच निम्मा-अधिक निकाल ठरलेला असतो. गर्दी जास्त असेल तर पंच आधी पंधरा जण निवडतात. मग तिघा-चौघांना, कधी अधिक जणांना एकदम पुढे बोलावून तुलना होते, जागा अदलून-बदलून उभं केलं जातं, आणि सहा जण अंतिम फेरीत जातात. पुरुषांच्या शरीरसौष्ठवात सात पोझ सक्तीच्या : समोरून दोन्ही दंड, समोरून लॅट म्हणजे पाठीचे रुंद स्नायू, बाजूने छाती, पाठीमागून दोन्ही दंड, पाठीमागून लॅट, बाजूने ट्रायसेप्स, आणि शेवटी पोट व मांड्या.

यातली चौथी पोझ नीट पाहण्यासारखी आहे. खेळाडू पंचांकडे पाठ करतो, हात वर घेऊन दंड फुगवतो आणि एक पाय मागे घेऊन चवड्यावर उभा राहतो. प्रेक्षकांची नजर दंडांवर खिळते. पंचाची नजर तिथून सुरू होते खरी, पण मग मानेपासून पोटरीपर्यंत खाली उतरते : खांदे, मानेखालचा उतार, पाठीचा वरचा आणि खालचा भाग, कंबर, नितंब, मांडीची मागची बाजू, पोटऱ्या. एका पोझमध्ये सर्वांत जास्त स्नायू इथे दिसतात. वर्षभर आरशासमोर फक्त छाती-दंड मारलेला मुलगा इथे उघडा पडतो, कारण पाठ आणि पोटऱ्या त्याला स्वतःला कधी दिसलेल्याच नसतात. ‘आपल्या पोराचे दंड मोठे होते’ याचं निम्मं उत्तर या पोझमध्ये आहे. पंच आकार पाहतात, पण त्यासोबत प्रमाणबद्धता, डाव्या-उजव्याचा समतोल, स्नायूंची विभागणी आणि कातडीखाली चरबी किती उरली आहे हेही पाहतात.

अंतिम फेरीत प्रत्येकाला आपल्या आवडीच्या संगीतावर साठ सेकंद मिळतात. पुरुषांच्या फिजिक स्पोर्ट्स या वेगळ्या प्रकारात या सात पोझ नसतात. गुडघ्यापर्यंतच्या शॉर्टमध्ये चारी बाजूंनी वळून उभं राहायचं असतं. शेवटी गटविजेते एकमेकांसमोर येतात आणि त्यांतून किताबाचा मानकरी निघतो.

उरलेलं निम्मं उत्तर गणितात आहे, आणि या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच आहे. इथे पंच गुण देत नाहीत, क्रमांक देतात : पहिला, दुसरा, तिसरा. आयएफबीबीच्या नियमपुस्तकात पूर्ण मंडळ नऊ पंचांचं. त्यांनी आपापसात बोलायचं नाही, टेबलावरून कुणाला सूचना करायच्या नाहीत. नऊ आकड्यांपैकी सर्वांत वरचे दोन आणि सर्वांत खालचे दोन खोडायचे. उरलेल्या पाचांची बेरीज करायची. सर्वांत कमी बेरजेचा खेळाडू पहिला. पंच नऊपेक्षा कमी असतील तर वरचा एक आणि खालचा एक खोडायचा.

या खोडण्याची किंमत एका काल्पनिक लढतीतून कळते. समजा, एक खेळाडू गावचा आहे आणि एक पाहुणा. पाहुणा सरस आहे. नऊपैकी सात पंच प्रामाणिकपणे त्याला पहिला आणि गावच्याला दुसरा ठरवतात. दोन पंच मात्र गावच्याला पहिला क्रमांक देतात आणि पाहुण्याला मुद्दाम सहावा. पाहुण्याचे दोन्ही सहा खोडले जातात, दोन एकही जातात, बेरीज उरते पाच. गावच्याची उरते दहा. पाहुणा जिंकतो, दोन पंचांचा पक्षपात वाया जातो.

आता तेच दोन पंच ठेवून मंडळ सातचं करू. एकच आकडा वरून, एकच खालून खोडला जाणार. पाहुण्याच्या खात्यात चार एक आणि एक सहा उरतात, बेरीज दहा. गावच्याची नऊ. सातांपैकी पाच पंच पाहुण्याच्या बाजूने असूनही तो हरला! पंच पाचच असतील तर फरक आणखी वाढतो : गावचा पाच, पाहुणा आठ.

म्हणजे पंचांची संख्या ही मांडवाच्या खर्चासारखी सोयीने कमी-जास्त करण्याची बाब नाही, निकालाचा प्रामाणिकपणा तिच्यावर उभा आहे. प्रवासभत्ता वाचवायला आयोजकाने चार पंच कमी बोलावले, तर ज्याने वर्षभर उकडलेली अंडी आणि कोंबडीवर दिवस काढले त्याचा क्रमांक त्या बचतीत जाऊ शकतो.

मोठी स्टेज वादांपासून मुक्त आहेत असंही नाही. १९८० मध्ये सिडनीच्या ‘मिस्टर ऑलिंपिया’त पाच वर्षांनी परतलेल्या अर्नोल्ड श्वार्झनेगरला विजेता ठरवलं, तेव्हा सभागृहात हुर्यो झाली आणि त्याच्याविरुद्ध उतरलेल्या माइक मेंट्झरने त्यानंतर स्पर्धाच सोडल्या. तो वाद आजही मिटलेला नाही. पण आता ‘मिस्टर ऑलिंपिया’ची गुणपत्रकं लोकांना पाहायला मिळतात. कोणत्या खेळाडूच्या क्रमांकांची बेरीज किती झाली हे कुणीही तपासू शकतो.

औषधांचा प्रश्नही पंचांच्या कागदापर्यंत येऊन पोहोचतो. पंच कोरडं, चिरेबंद शरीर वरच्या क्रमांकाने गौरवतात, म्हणून मुलं शेवटच्या दिवसांत पाणी तोडतात, मीठ बंद करतात, काही जण लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांपर्यंत जातात. शरीरसौष्ठवपटू मोहम्मद बेनाझिझा १९९२ मध्ये स्पर्धेनंतर काही तासांत गेला. आंद्रेआस म्युन्झर १९९६ मध्ये स्पर्धेनंतर दोनच आठवड्यांत. दोघेही तिशीतले होते. तालुक्याच्या स्टेजवर लघवीचा नमुना घ्यायला सहसा कुणी येत नाही. अशा वेळी ओठ सुकलेल्या, पाय लटपटणाऱ्या मुलाला पहिला क्रमांक द्यायचा की डॉक्टरकडे पाठवायचं, हे ठरवण्याची जबाबदारी पंचांवर आणि आयोजकांवरच येते. ती त्यांनी घ्यायला हवी.

कोल्हापूरचे सुहास खामकर २०१० मध्ये ‘मिस्टर एशिया’ झाले आणि महाराष्ट्रातल्या छोट्या गावांतल्या जिमची स्वप्नं मोठी झाली. त्या स्वप्नांना नोकरीचाही पदर आहे. राज्यात खेळाडूंना शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचं, स्पर्धा कोणत्या पातळीची, याची पडताळणी होते. एकाच खेळात अनेक संघटना ‘श्री’ वाटत असताना घरची शेती विकून आहार सांभाळणाऱ्या मुलाच्या हाती येणारं चकचकीत प्रशस्तिपत्र पडताळणीत निरुपयोगी ठरू शकतं. हे त्याला नोंदणीच्या टेबलावरच सांगितलं पाहिजे.

मलकापूर असो की नांदुरा, खामगाव असो की भुसावळ, पुढच्या स्पर्धेच्या आयोजकांनी फलकावर बक्षिसाच्या रकमेखाली तीन ओळी वाढवाव्यात : स्पर्धा कोणत्या संघटनेच्या मान्यतेने आहे, पंच किती आहेत आणि किती आकडे खोडले जाणार आहेत. निकालानंतर प्रत्येक गटाचं पत्रक, पंचांच्या क्रमांकांसह आणि खोडलेल्या आकड्यांसह, स्टेजशेजारी चिकटवावं. खर्च मोजक्या झेरॉक्सचा आहे. ज्यांना वाटतं आपल्या पोरावर अन्याय झाला, त्यांना बेरीज करून पाहता येईल. आणि ज्या पंचाने एकट्यानेच सहावा क्रमांक दिला असेल, त्याला पुढच्या वर्षी बोलवायचं की नाही, हे आयोजकांना तिथेच ठरवता येईल.